फवारणी पंपाच्या बॅटरीवर गटाचा स्पीकर

गटाच्या बैठकीत मोबाइलवर माहिती लावली, की पुढच्या चौघींना ऐकू येते आणि मागच्या नुसत्या माना डोलावतात. आमच्याकडे तेच व्हायचं. मग अडगळीतलं सामान जमवून आम्ही अ‍ॅम्प्लिफायर जोडला.

मोबाइलमधून येणारा करंट दुबळा असतो, त्याने मोठा स्पीकर हलत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीची ताकद घेतो आणि त्याच आवाजाच्या चालीने स्पीकर हलवतो. हे काम टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी करते. तिचा तयार बोर्ड रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मागा, १२ व्होल्टवर चालणारा.

बॅटरी फवारणी पंपाची, १२ व्होल्टची. स्पीकर जुन्या टीव्हीतला, मागे ८ ओहम लिहिलेला. पण बायांनो, टीव्ही स्वतः उघडू नका! जुन्या फुगीर टीव्हीची पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही जबर झटका देऊ शकते. मेकॅनिककडूनच स्पीकर काढून घ्या.

बॅटरीच्या लाल वायरीत आधी २ अँपिअरचा फ्यूज घाला. तारा एकमेकींना चिकटल्या तर एवढीशी बॅटरीसुद्धा वायर जाळते. आयसी तापतेच, तिला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घट्ट बसवा आणि त्या पट्टीला लाल तार लागू देऊ नका. पंपाचा चार्जर बैठकीच्या वेळी काढून ठेवा.

माइक थेट जोडला तर आवाज क्षीण येतो, त्याला वेगळा प्रीअ‍ॅम्प लागतो. तो आम्ही अजून घेतलेला नाही. तोवर आमच्या अध्यक्षाबाई घसा ताणूनच बोलतात.