पाऊस कुणाच्या हाती नव्हता, पाटी होती

बारामती तालुक्यात दोन तालुके नांदतात. नीरा डाव्या कालव्याखालचा एक: उसाचा, गुऱ्हाळांचा, साखर कारखान्यांचा. कालव्याच्या वरचा दुसरा: सुपे-मोरगावकडचा, जिरायती, ज्वारी-बाजरी पेरून आभाळाकडे बघणारा. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने हा कालवा काढला आणि भाटघर धरणाचे पाणी बारामतीतून पुढे इंदापूरच्या शिवारात उतरले. कालव्याच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, यावर घराघराचे नशीब ठरले.

अशा मुलखात पुढारपण करणाऱ्याला पहिली अडचण येते ती शब्दांची. यंदा पाऊस पडेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या मागे लोकांनी का जावे?

या प्रश्नाचे एक उत्तर सुप्याच्या बाजारपेठेत आहे, आणि ते कडू आहे. १२ मे १८७५ रोजी इथेच ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावाची ठिणगी पडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, सावकारांनी उधारी आखडली होती. ज्याच्या तोंडाकडे बघावे असा माणूसच उरला नाही. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली आणि कर्जखते जाळली. पुढे चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण तोवर शब्दावरचा, कागदावरचा आणि माणसावरचा विश्वास राख झालेला होता.

धान्य आणि माती

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, याच जिरायती पट्ट्यात पुन्हा दुष्काळ उभा राहिला. १९६७ मध्ये शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले होते. त्यांचे थोरले बंधू दिनकरराव ऊर्फ अप्पासाहेब पवार शेतीत रमलेले होते. या मंडळींनी हाती घेतलेले काम दिसायला साधे होते: ओढ्या-नाल्यांवर पाझर तलाव बांधायचे आणि मजुरी म्हणून धान्य द्यायचे. धान्याची मदत ‘कासा’ या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेकडून मिळाली.

पाझर तलाव कसा बांधतात, ते नीट पाहण्यासारखे आहे. आधी बांधाच्या पायात खंदक खणतात. त्यात काळी चिकण माती ओलवून, धुम्मस करून दाबतात, म्हणजे बांधाखालून पाणी जोराने निसटून बांध खचत नाही. वर मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उताराला दगडाचे पिचिंग आणि जादा पाण्यासाठी कडेने सांडवा. या तलावातून पाट निघत नाही. साठलेले पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली उतरते आणि बांधाखालच्या विहिरींना पाझर फुटतो.

म्हणजे हा तलाव उन्हाळ्याच्या तोंडावर कोरडा पडला तरी तो फसलेला नसतो. त्याचे पाणी विहिरींत गेलेले असते. पण महिनोन्‌महिने डोक्यावरून माती वाहिलेल्या माणसाला कोरडा तळ दाखवून हे पटवणे सोपे नाही. त्यासाठी सांगणारा विश्वासातला लागतो, आणि तो विश्वास बांध उभा राहत असतानाच कमवावा लागतो.

कमवण्याची जागा म्हणजे मोजमाप. टिकावाने माती उकरायची, खोऱ्याने पाटी भरायची, पाटी डोक्यावरून बांधावर नेऊन रिकामी करायची. खोदलेल्या खड्ड्यात मध्येच मातीचा एक उभा खुंट न खोदता तसाच राखतात. मूळ जमीन किती उंच होती आणि आज किती खोल गेलो, हे त्या खुंटावर कुणालाही टेप लावून बघता येते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आपले काम किती झाले ते दिसते. खुंट उभा आहे तोवर मुकादमाला आकडा फिरवता येत नाही. मोजल्याप्रमाणे धान्य पदरात पडले, की दुसऱ्या दिवशी माणसे बोलावण्याची गरज राहत नाही.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हीच गोष्ट राज्यभर कसाला लागली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेला रोजगाराचा प्रयोग तोवर पाठीशी होता. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द लोकांना खरे वाटले, कारण हजेरीपटावर आपले नाव त्यांनी पाहिले होते.

आधी आपल्या रानात

अप्पासाहेबांचे पुढचे पाऊल या मुलखाचा स्वभाव ओळखून टाकलेले होते. शेतकरी भाषण ऐकून पीक बदलत नाही, शेजाऱ्याचे रान बघून बदलतो. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि माळेगावच्या खडकाळ माळावर संस्थेने स्वतःच शेती करून दाखवली. ठिबक सिंचन नवखे होते, तेव्हा ते आधी तिथे चालवून दाखवले. प्रयोग बसला तर सगळ्यांचा, बुडाला तर नुकसान संस्थेचे, असा तो व्यवहार होता. १९९२ मध्ये तिथे कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. बारामतीबरोबर इंदापूर, दौंड, पुरंदरचे शेतकरीही तिथे येतात.

इंदापूरकराला याचे मोल जास्त कळते. तो कालव्याच्या शेपटाला बसलेला. आवर्तन वरून सुटले तरी आपल्या चारीला पाणी कधी येईल, याची त्याला खात्री नसते. पाण्याचा भरवसा नसताना थेंब राखून द्राक्ष-डाळिंब पिकवायचे, तर ‘करून बघा’ म्हणणाऱ्याने आधी स्वतः करून बघितलेले असावे, ही त्याची रास्त अपेक्षा आहे.

या कामांनी दुष्काळ संपला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. तलावांत गाळ भरतो. मिळालेले पाणी ऊस पिऊन टाकतो. २०१८-१९ मध्येही बारामतीच्या जिरायती गावांत टँकर फिरत होते. जुन्या यशाच्या आठवणींवर नव्या माणसांना पुढे नेता येत नाही. गाळ किती, पाणी किती, कुणाच्या वाट्याला किती, हा हिशेब दरवर्षी गावासमोर नव्याने मांडावा लागतो.

आता इथल्या उसात जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ मध्ये बारामतीच्या या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि त्याची चर्चा जगभर झाली. रीत मात्र तीच राहिली. जानेवारीत ‘कृषिक’ प्रदर्शन भरते, तेव्हा पिके उभ्या रानात बघायला मिळतात. शेतकरी उसाची पाने बाजूला सारतो, कांड्या मोजतो, खाली बसतो. ठिबकच्या नळीजवळची चिमूटभर माती बोटांनी चेपून वाफसा आहे का ते बघतो, आणि मग उठून माहिती देणाऱ्या पोराला विचारतो, “तुमचा मोबाइल किती ओल दाखवतोय?”