किल्ली ज्याची त्याच्या खिशात

श्टुटगार्ट : इथल्या कारखान्यात पॉवर प्रेससारखे यंत्र दुरुस्तीला घेतले की मेन स्विचला कुलूप लागते आणि किल्ली आत हात घालणाऱ्या फिटरच्या खिशात जाते. तिघे काम करत असतील तर तीन कुलपे. शेवटचे कुलूप निघेपर्यंत फोरमनलाही यंत्र सुरू करता येत नाही.

विजेच्या कामाचे पाच नियम शिकाऊ इलेक्ट्रिशियनला क्रमाने पाठ असावे लागतात : वीज तोडा, ती पुन्हा कोणी चालू करणार नाही याची तजवीज करा, खरोखर गेली का ते मोजा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. मला तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो. स्विच पाडला म्हणजे वीज गेली, या समजुतीने माणसे मरतात. शिवाय वीज गेल्यावरही प्रेसचा वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, ड्राइव्हमधले कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात. रॅमला टेकू देणे, हवा सोडणे, थांबणे हेही दुरुस्तीचेच काम.

जर्मन माणूस जात्याच शिस्तीचा, हे मला पटत नाही. 2006 साली इथल्या अपघात विमा संस्थांच्याच पाहणीत धातुकामाच्या यंत्रांवरची सुमारे 37 टक्के संरक्षक साधने कायमची किंवा तात्पुरती बायपास केलेली निघाली! त्यावर नुसते कामगाराला दटावून भागणार नव्हते. गार्ड लावून सेटिंग करताच येत नसेल तर दोष यंत्राच्या आखणीचा. सेटिंगसाठी वेगळा मोड हवा : गती कमी, आणि बटण दाबून धरले तरच हालचाल.

सुरक्षेला खरा आधार पैशाच्या व्यवस्थेचा आहे. बिस्मार्कच्या काळात, 1884 मध्ये, अपघात विम्याचा कायदा झाला. हप्ता पूर्णपणे मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही. धंदा धोक्याचा तितका हप्ता मोठा. कामगाराचे बोट तुटले तर उपचार, पुनर्वसन आणि पेन्शनचा खर्च ज्या संस्थेवर पडतो, तीच सुरक्षेचे नियम करते, तीच तपासनीस पाठवते आणि धोका दिसला तर यंत्र थांबवायला लावते. नुकसान सोसणाऱ्याच्याच हाती तपासणी असल्याने ती कागदापुरती राहत नाही.

चाकणच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 2023 पासून लागू असलेल्या पुरवठा साखळीच्या कायद्याने मोठ्या जर्मन कंपन्यांना परदेशातल्या थेट पुरवठादाराकडची कामगार-सुरक्षाही पाहावी लागते. हा कायदा सैल करण्याची खटपट इथे सुरू झाली, याचे मला फार वाईट वाटते. कारण मुळातच त्याची नियमित तपासणी थेट पुरवठादारापाशी थांबते. त्या पुरवठादाराला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये, जिथे गार्ड काढलेल्या प्रेसवर बोटे जातात, तिथे गैरप्रकाराची ठोस माहिती हाती आल्याशिवाय जर्मन कंपनीला डोकावावेच लागत नाही.