पडीक तुकड्यात भाजी करायची, तर आधी तण ओळखा

शहराच्या कडेला घेऊन ठेवलेला तीन गुंठ्यांचा प्लॉट, गावाकडे वाटणीत आलेला विहिरीलगतचा तुकडा, नाहीतर सोसायटीच्या मागे कुणी न वापरलेली जागा. दोन पावसाळे तिकडे कुणी फिरकले नाही, की छातीइतके गाजर गवत उभे राहते, कुंपणाला घाणेरी धरते आणि खाली हराळी पसरते. मग घरात कुणाच्या तरी मनात येते, इथे भाजी करू. पहिला फोन जातो रोटाव्हेटरवाल्याला. तासाभरात जमीन मोकळी आणि भुसभुशीत दिसू लागते. बी पडते, पाणी दिले जाते. आणि तीन आठवड्यांत मेथीच्या आधी हराळी वर येते, पूर्वीपेक्षा दाट.

यात रोटाव्हेटरचा दोष नाही, तो नको त्या वेळी चालवला गेला एवढेच. हराळी जमिनीवर सरपटते तशीच जमिनीखालीही धावते. तिच्या प्रत्येक पेराला मुळे आणि कोंब फुटू शकतात. फिरत्या पात्यांनी एका लांब काडीचे वीस तुकडे केले, की ओल्या मातीत तितकीच नवी रोपे लावल्यासारखे होते. लव्हाळ्याचे गणित याहून बिकट आहे. त्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळी अखंड असते तोवर पुढची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. साखळी तुटली, की झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची यादी केली, तेव्हा लव्हाळ्याला पहिले स्थान दिले. ज्याने भाजीच्या वाफ्यात लव्हाळा खुरपला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

म्हणून पडीक तुकड्यावरचे पहिले काम म्हणजे तिथे काय उगवले आहे ते पाहणे. त्यासाठी एक सकाळ पुरते. हातात काठी आणि पायात गमबूट हवेत, कारण दाट गवतात घोणस आणि फुरसे असू शकतात. राडारोडा पडलेल्या जागेत काच आणि गंजलेले पत्रेही असतात. गवत हाताने बाजूला न सारता काठीने हलवावे, आणि विळा चालवण्याआधी थोडी खळबळ करावी, म्हणजे जनावराला निघून जायला वेळ मिळतो.

पाहताना मनात दोनच कप्पे करायचे. एका वर्षात जगून, बी टाकून मरणारी तणे एका बाजूला. गाजर गवत, केना, काटेमाठ, आघाडा, टाकळा ही त्यांतली नेहमीची मंडळी. जमिनीत मुळी, गाठ किंवा खोड राखून वर्षानुवर्षे जगणारी तणे दुसऱ्या बाजूला. त्यांत हराळी, लव्हाळा, काळ्या जमिनीतला कुंदा, घाणेरी आणि वेडी बाभूळ येतात. पहिल्या गटाचे बी पडू द्यायचे नाही, दुसऱ्या गटाचे जमिनीतले भांडवल संपवायचे. दोघांना एकच उपाय लावला, की श्रम वाया जातात.

गाजर गवत दिसायला सर्वांत भयंकर असले, तरी भाजीच्या तुकड्यातून ते काढणे त्या मानाने सोपे आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरले. एक झाड हजारो बिया टाकते, म्हणून फुलोरा येण्याआधी ते निघाले पाहिजे. पाऊस पडून माती मऊ झाली, की ते मुळासकट उपटून येते. हातमोजे मात्र हवेतच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते आणि पुरळ येते, तर परागामुळे काहींना दम्यासारखा त्रास होतो. फुले येण्याआधी उपटलेले गवत खताच्या खड्ड्यात चालते, फुलावर आलेले चालत नाही. त्याची पाने खाणारा झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर सोडण्यात आला. आता पावसाळ्यात तो महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी गाजर गवताच्या पानांवर दिसतो. पिवळट पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेषा असलेला हा भुंगा दिसला, तर त्याला मारू नये.

घाणेरी नुसती तोडून भागत नाही, बुंध्यातून ती पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी तिच्यासाठी एक साधी पद्धत रूढ केली. जमिनीच्या थोडे खाली, खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या खालून मुळ्या तोडायच्या आणि सगळे झुडूप उलटे करून ठेवायचे. फुटवे त्या जोडाच्या भागातूनच येतात. तो निघून गेल्यावर जमिनीत राहिलेल्या मुळ्या कुजून जातात. एक कुदळ आणि दोन माणसे यांना हे काम जमते.

खरी लढाई हराळी आणि लव्हाळ्याशी असते, आणि त्यात माणसाचा मोठा सोबती म्हणजे आपला एप्रिल-मे. दख्खनच्या शेतकऱ्याला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. उन्हाळी नांगरटीचा एक मोठा हेतू तोच असतो. रब्बीचे दिवस सरले आणि जमीन सुकली, की कुदळीने किंवा टिकावाने मोठमोठी ढेकळे उलटवायची. ती फोडायची घाई करायची नाही. कडक उन्हात ढेकळातली माती भेगाळते आणि आतल्या हराळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गाठी सुकतात. ओलावा पुरता गेला, की लव्हाळ्याची गाठ मरते. म्हणून या काळात त्या तुकड्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मध्येच आळी करून पाणी सोडले, तर महिन्याभराची मेहनत जाते. आठवड्या-पंधरवड्याने ढेकळे पुन्हा उलटवायची आणि सुटलेल्या काड्या दाताळ्याने ओढून वेचायच्या. मुरमाड जमिनीत हराळी वीतभर खोल असते. खोल काळ्या मातीत ती हातभर किंवा त्याहूनही खाली जाते. तिथे एका उन्हाळ्यात ती संपेल अशी आशा धरू नये.

वेचलेल्या काड्यांचे काय करायचे? बांधावर टाकल्या तर तिथून त्या परत येतात. दगडावर किंवा पत्र्यावर वाळवून त्या कडकडीत झाल्या, की खतात घालायला हरकत नाही. उभे वाळलेले गवत पेटवून द्यायचा मोह अनेकांना होतो. ते करू नये. वरचा पाला जळतो, मातीतले सेंद्रिय द्रव्य आणि जीव होरपळतात, आणि खालच्या गाठींना धगही लागत नाही.

ज्या तुकड्यात बियांच्या तणांचाच भर आहे, तिथे उन्हाळ्यात आणखी एक उपाय चालतो. जमीन सपाट करून एकदा भिजवायची आणि तिच्यावर २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या. चार ते सहा आठवडे ते तसेच राहू द्यायचे. आत कोंडलेल्या उष्णतेने वरच्या थरातले बरेच बी आणि काही रोगजंतू मरतात. इस्रायलमधल्या याकोव्ह कतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर मात्र तिची मात्रा फारशी चालत नाही. मल्चिंग पेपरचेही तसेच. लव्हाळ्याचा टोकदार कोंब तो कागद सरळ भोसकून वर येतो.

तणनाशकाचा विचार बरेच जण करतात. मुळापर्यंत जाणारे ग्लायफोसेट हे त्यांतले सर्वांत परिचित. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरच्या ताटात येणारी भाजी दोन-तीन गुंठ्यांत पिकवायची असेल, तर त्याची गरजही नाही. एवढ्या जागेला खुरपे पुरते.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला, की बी टाकायला हात शिवशिवतात. इथे दहा-पंधरा दिवस थांबलेले फार उपयोगी पडते. मातीच्या वरच्या थरात लपलेले तणाचे बी त्या पावसावर उगवून येते. ते दोन-चार पानांचे असताना वाफसा पाहून हलकेच कुळव किंवा खुरपे फिरवायचे, अगदी वरवर. खोल गेले तर खालचे नवे बी वर येते. अशा एका फेरीनंतर पेरलेल्या वाफ्यात खुरपणीचे काम बरेच हलके होते.

उगवलेले सगळेच फेकायचे नाही. टाकळ्याची कोवळी पाने, कुर्डू, घोळ, पाथरी, केना, रानमाठ या भाज्या कोकणात आणि देशावर पावसाळ्याच्या सुरुवातीला आवडीने खाल्ल्या जातात. नव्याने जमीन हाती घेतलेल्या घराला पहिली भाजी बहुधा अशीच मिळते. गावातल्या एखाद्या जाणत्या आजीकडून प्रत्येक पान ओळखून घ्यावे, आणि जे ओळखता येत नाही ते शिजवू नये. रस्त्याकडेची किंवा सांडपाण्यावरची रानभाजी घेऊ नये.

पहिल्या हंगामात काय लावायचे, यावर पुढचे बरेच ठरते. हराळी आणि लव्हाळा दोघेही उन्हाचे भुकेले. सावलीत त्यांचा जोर ओसरतो. म्हणून लवकर पसरून जमीन झाकणारी पिके आधी घ्यावीत. चवळी, लाल भोपळा, काकडी, रताळे ही त्यासाठी उत्तम. वांगी, मिरची, टोमॅटो यांची तयार रोपे लावावीत. ती तणाच्या पुढे असतात. कांदा, लसूण, गाजर, कोथिंबीर यांना पहिल्या वर्षी हात लावू नये. त्यांची पाने बारीक, वाढ सावकाश, आणि ओळीत शिरलेला लव्हाळा काढताना पीकच उपटून येते.

दोन ओळींमधली उघडी माती झाकायला पाचट, वाळका पाला किंवा गिरिपुष्पाच्या फांद्या चालतात. चार बोटे जाडीचा थर हवा. विरळ पसरलेला पाला तण रोखत नाही. लव्हाळ्याचा कोंब दिसला, की दोन-तीन आठवड्यांच्या आत तो काढलाच पाहिजे, कारण त्यानंतर खाली नव्या गाठी धरू लागतात. उशिरा केलेली मोठी खुरपणी त्याला फारशी बाधत नाही. लवकर आणि वरचेवर केलेल्या छोट्या खुरपण्यांनी गाठीतला साठा संपत जातो. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. कच्च्या खतातून जनावरांनी खाल्लेल्या गवताचे बी परत येते, आणि साफ केलेल्या जमिनीत आपल्याच हाताने तण पेरले जाते. बांधाकडून हराळी आत सरकते, म्हणून कडेने वीतभर रुंद चर काढून तो वर्षभर मोकळा ठेवावा.

माती तपासून घेण्याची वेळही हीच, खत घालण्याआधी. तुकड्यात सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडावी, ती एकत्र मिसळावी आणि त्यातली अर्धा किलो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती तपासणी प्रयोगशाळेत द्यावी. बांधकामाचा राडारोडा पडलेल्या जागेत सिमेंट आणि चुन्यामुळे मातीचा सामू चढलेला असण्याची शक्यता असते. तिथे आधी राडारोडा वेचून काढल्याशिवाय कितीही खत घातले तरी भाजी पिवळीच राहते.

आणि सगळी जागा एकाच वर्षी हाती घेऊ नये. तीन गुंठे असतील तर पहिल्या पावसाळ्यात एक गुंठाच भाजीला घ्यावा, जो घरच्या माणसांना दर आठवड्याला खुरपता येईल. उरलेल्या दोन गुंठ्यांत ताग दाट पेरावा. तो उंच वाढून खालच्या गवताला सावलीत कोंडतो आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देतो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येताच तो गाडला, की रब्बीसाठी दुसरा गुंठा तयार होतो.

येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या मनात असा तुकडा आहे, त्यांनी रोटाव्हेटरवाल्याला फोन करण्याआधी कुदळीने एक हात लांब, एक हात रुंद खड्डा खणून पाहावा आणि निघालेल्या मुळ्या व गाठी नीट तपासाव्यात.