एक गट, एक गुण: यात न्याय कुठे आहे?

"ग्रुप प्रोजेक्ट आहे ना, मग सगळ्यांना सारखेच गुण. कंपनीत तरी काय, टीमचंच काम मोजतात." आयटी किंवा कॉम्प्युटरच्या विभागात टर्मवर्कचे गुण भरायची वेळ आली की हे वाक्य ऐकू येतंच. प्राध्यापक म्हणतात, विभागप्रमुख म्हणतात आणि ज्यांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं ती मुलंही मान डोलावतात. चौघांचा गट, शंभरपैकी ६४ गुण, चौघांच्या नावापुढे ६४. तक्रार नाही, वाद नाही. ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य. तिला न्याय्य म्हणतात, ते मात्र मान्य करता येत नाही.

आधी कंपनीचा दाखला तपासू. कंपनीत प्रोजेक्टचं यश टीमचं मानतात, पण वार्षिक अप्रेझल प्रत्येकाचं वेगळं होतं. पगारवाढ वेगळी, बढती वेगळी. रोजच्या स्टँडअपमध्ये काल काय केलं आणि आज काय करणार, हे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. म्हणजे ज्या जगाचा हवाला देऊन सारखे गुण वाटले जातात, त्या जगात तशी वाटणी होतच नाही.

शिवाय मी ज्या विषयाच्या गुणांबद्दल बोलतोय, तो प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवतात. इंजिनिअरिंगला आणि एमसीएलाही तो या ना त्या नावाने असतो. त्यात आपण जबाबदारीचा तक्ता शिकवतो: काम कोण करणार, त्याचा जाब कोण देणार, सल्ला कुणाचा घ्यायचा, कळवायचं कुणाला. एका कामाचा जाब देणारा माणूस एकच असावा, असं फळ्यावर लिहून देतो. आणि गुण देताना मात्र कुणालाच जाब विचारत नाही. मुलं फळ्यावरचं विसरतील, गुणपत्रिकेतून मिळालेला धडा विसरणार नाहीत.

सारख्या गुणांचा वागण्यावर काय परिणाम होतो, याबद्दल शंभर वर्षांहून जुना पुरावा आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकट्याने आणि गटाने ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्याचा जोर १०० धरला, तर दोघांच्या गटात माणशी ९३, तिघांच्या गटात ८५ आणि आठ जणांच्या गटात जेमतेम ४९ भरला. सगळे एकाच क्षणी ओढत नसतील म्हणून असं झालं, असा आक्षेप घेता येतो, आणि तो काही अंशी खराही आहे. म्हणून १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. मागे कुणीही ओढत नव्हतं, तरी माणसाचा जोर कमी झाला. १९७९ मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून हेच दाखवलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग त्यानंतरचा, १९८१ चा आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर ही अंगचोरी थांबली. पुढे १९९३ मध्ये स्टीव्हन कराऊ आणि विल्यम्स यांनी ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्येकाचं काम वेगळं ओळखता आलं की अंगचोरी कमी होते, असंच त्यातही दिसलं.

म्हणजे गटात एखादा मुलगा काही करत नाही, तेव्हा दोष केवळ त्याच्या स्वभावाचा नसतो. ती परिस्थिती आपल्या गुणदानाने तयार केलेली असते.

"पण कुणी किती केलं ते कळणार कसं? आम्ही काय हॉस्टेलवर जाऊन बघायचं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तो दर वर्षी नव्याने विचारला जातो, याचा मला खरोखर वैताग येतो, कारण उत्तर कधीचं उपलब्ध आहे. एडिनबरोच्या नेपियरमधल्या ज्युडी गोल्डफिंच आणि रॉबर्ट रेसाइड यांनी गटाच्या गुणांतून व्यक्तीचे गुण काढण्याची रीत १९९० मध्येच मांडली. लफबरो विद्यापीठाने वेबपीए, सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने स्पार्क आणि पर्ड्यू विद्यापीठातल्या मंडळींनी कॅटमी ही साधनं याच कामासाठी घडवली. साधन नसेल तर एक्सेलची एक शीट पुरते.

हिशोब असा. प्रत्येक सदस्य स्वतःसह सर्वांना ठरलेल्या निकषांवर गुण देतो. एकाने दिलेल्या एकूण गुणांपैकी कुणाला किती वाटा गेला, तो अपूर्णांक काढायचा. चौघांकडून मिळालेल्या वाट्यांची बेरीज हा त्या सदस्याचा गुणक. सगळ्यांना सारखं मिळालं तर प्रत्येकाचा गुणक १ येतो. आता वरच्या गटाचे ६४ गुण घ्या. निम्मे, म्हणजे ३२, सर्वांना सारखे द्यायचे आणि उरलेले ३२ गुणकाने गुणायचे. गुणक १.२५, १.२५, १ आणि ०.५ आले, तर गुण होतात ७२, ७२, ६४ आणि ४८. गटाची सरासरी ६४ च राहते. गटाच्या कामाचा मान राहिला आणि रात्र रात्र जागलेल्या मुलीला तिचं श्रेयही मिळालं.

"मुलं संगनमत करून एकमेकांना सारखेच देतील." काही गट देतील, हे खरं आहे. कॅटमीमध्ये अशा खुणा ओळखण्याची सोय आहे: गटात कंपू पडलेत का, कुणी स्वतःला उगाच चढवून घेतलंय का, एकाच सदस्याबद्दल मतं टोकाची वेगळी आहेत का. कागदावर करतानाही गुणांमागचं कारण दोन ओळींत लिहायला लावलं आणि ओरलला त्यावर प्रश्न विचारले, तर संगनमत उघडं पडतं. आणि मुलांचं मूल्यमापन बेभरवशाचंच असतं, हाही समज टिकत नाही. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच यांनी २००० मध्ये ४८ अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थ्यांनी दिलेले आणि शिक्षकांनी दिलेले गुण यांच्यात सरासरी सहसंबंध ०.६९ निघाला. त्यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या रुब्रिकप्रेमी कॉलेजांनी वाचायला हवा: वीस सुटे रकाने भरण्यापेक्षा, नीट समजलेल्या निकषांवर दिलेला एकच समग्र निर्णय शिक्षकांच्या गुणांच्या जास्त जवळ जातो.

एक धोका मात्र खरा आहे. आपल्याकडे मुलींच्या वाट्याला अनेकदा ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, आणि पीपीटी येते, आणि "कोडिंग तर आम्हीच केलं" म्हणत मुलं त्या कामाला किंमत देत नाहीत. म्हणून नियोजन, बैठकांच्या नोंदी, जोखमींची यादी आणि गाइडशी पाठपुरावा हे निकषांत पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं पाहिजे. या विषयात तेच मुख्य काम आहे. सेमिस्टर संपल्यावर अचानक फॉर्म वाटला तर त्यातून फक्त राग बाहेर येतो.

अलीकडे काही उत्साही सहकाऱ्यांनी दुसरं टोक गाठलंय: गिटहबवरचे कमिट मोजायचे आणि त्या प्रमाणात गुण द्यायचे. हे करू नका. दोघांनी एका लॅपटॉपवर बसून केलेलं काम एकाच्याच नावावर पडतं. एक शब्द बदलून दहा कमिट करता येतात. कमिटची तारीखही हाताने बदलता येते, गिटमध्ये तशी सोयच आहे. कमिटचा इतिहास ओरलला प्रश्न विचारण्यासाठी उत्तम आहे, गुणांचा तराजू म्हणून निरुपयोगी.

बाकीचे समज थोडक्यात.

"सॉफ्टवेअर चाललं म्हणजे मॅनेजमेंट चांगलं झालं." चालणारा प्रोजेक्ट दुकानातून विकत मिळतो, हे प्रत्येक एक्स्टर्नलला माहीत आहे.

"वेळापत्रक चुकलं, गुण कापा." स्टँडिश ग्रुपच्या १९९४ च्या पाहणीत वेळ, खर्च आणि ठरलेल्या सोयी हे तिन्ही पाळणारे प्रकल्प फक्त १६.२ टक्के होते. त्या आकड्यांवर पुढे संशोधकांनी कडक आक्षेप घेतले, पण अंदाज चुकतात याबद्दल वाद नाही. चूक कधी लक्षात आली आणि मग काय केलं, याला गुण द्या.

"ॲजाइल म्हणजे कागदपत्रं नकोत." २००१ च्या जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला कागदपत्रांहून अधिक मोल दिलंय, आणि कागदपत्रांनाही मोल आहे हे त्यातच लिहिलंय.

"वॉटरफॉल रॉइसने सुचवला." विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या लेखात ती सरळ उतरती रीत धोक्याची म्हणून दाखवलेली आहे. तरी उत्तरपत्रिकेत आजही उलटं लिहून गुण मिळतात.

"मागे पडलेल्या गटात आणखी एक मुलगा घाला." आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो.

आणि सर्वांत ताजा समज: "आता सगळं एआय लिहून देतं, या विषयाची परीक्षाच घेता येत नाही." गँट चार्ट आणि जोखमींची यादी एआय मिनिटात देतं, ही गोष्ट खरी. तर मग त्या कागदांवर गुण देणं कमी करा. सेमिस्टरच्या मध्यावर प्रत्येक गटाला ग्राहकाची बदललेली मागणी द्या किंवा एक सदस्य दोन आठवडे उपलब्ध नाही असं जाहीर करा. मग वर्गातच, एकेकाला वेगळं बसवून विचारा: तुमच्या आराखड्यातलं कोणतं काम पुढे ढकलणार, कोणतं सोडणार आणि ग्राहकाला काय सांगणार? ज्याने आराखड्यावर खरंच काम केलंय तो पाच मिनिटांत बोलू लागतो. ज्याने केलं नाही, त्याला स्वतःच्याच प्रोजेक्टमधल्या कामांची नावंही आठवत नाहीत.