नोटीस आली आहे, निकाल नाही
जीएसटीच्या नोटिशीचा नुसता एसएमएस आला तरी भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचे पाणी पळते. मग काहीजण मोबाइल उपडा ठेवतात, तर काहीजण ‘साहेबांना भेटून मिटवू’ म्हणत ओळखी शोधू लागतात. या गडबडीत मूळ कागद वाचायचाच राहतो.

आधी नोटीस खरी आहे ना, ते पाहा; बनावट समन्सही फिरत असतात. तिच्यावरचा संदर्भ क्रमांक जीएसटी पोर्टलवर लॉगइन न करताही तपासता येतो. मग फॉर्मचा क्रमांक बघा. ‘एएसएमटी-10’ असेल तर अधिकाऱ्याला तुमच्या विवरणपत्रांत तफावत दिसली आहे आणि तो खुलासा मागतो आहे, एवढेच. उत्तर ‘एएसएमटी-11’मध्ये, सहसा 30 दिवसांत द्यायचे. ‘डीआरसी-01’ ही मात्र कारणे दाखवा नोटीस. तिच्यात कराची मागणी मांडलेली असते, म्हणून ती आली की त्याच दिवशी करसल्लागाराला फोन करावा.

तफावत बहुधा खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटची असते. समजा, 3बी विवरणपत्रात तुम्ही 4,80,000 रुपये क्रेडिट घेतले आणि पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या 2बीमध्ये दिसतात 4,35,000. उरलेले 45,000 आले कुठून? पुरवठादाराने तुमचे बिल चुकून दुसऱ्याच्याच जीएसटी क्रमांकावर चढवले असेल. किंवा त्याला वेळेत पैसे न दिल्यामुळे मागे उलटवलेले क्रेडिट, पैसे चुकते केल्यावर तुम्ही पुन्हा घेतले असेल. ते रीतसर असूनही त्या महिन्याच्या 2बीत दिसत नाही. अशा वेळी ‘आमचे हिशेब चोख आहेत’ छापाचे दोन पानी पत्र कुचकामी. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, फरकाचे कारण असा तक्ता करा आणि बिले, बँकेचा उतारा जोडा. अधिकाऱ्यालाही फाइलवर काहीतरी लिहायचे असते. खुलासा पटला तर ‘एएसएमटी-12’ देऊन तो प्रकरण बंद करतो.

चूक खरोखरच आपली असेल तर घासाघीस नको. फसवणुकीचा आरोप नसेल आणि कारणे दाखवा नोटिशीआधीच कर व व्याज भरले, तर सहसा दंड लागत नाही. पण निव्वळ भीतीपोटी ‘डीआरसी-03’ या स्वेच्छेने भरणा करण्याच्या फॉर्मने पैसे भरून टाकू नका. ते परत मिळवणे हा वेगळाच व्याप होतो.

सर्वांत महाग पडते ते गप्प बसणे. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर गेले नाही की एकतर्फी आदेश निघू शकतो. मग तीन महिन्यांत अपील करायचे आणि तेही वादातील कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरून. ‘नोटीस दिसलीच नाही’ ही तक्रार अगदीच खोटी नसते: पोर्टलवर नोटिसा आणि ‘अतिरिक्त नोटिसा’ असे दोन वेगळे कप्पे आहेत आणि दुसरा कुणी उघडतच नाही. ही रचना गैरसोयीची आहे, उच्च न्यायालयांपर्यंत गेलेली प्रकरणे त्याची साक्ष देतात. तरी मुदत काही थांबत नाही. कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढ लेखी मागा, सुनावणी हवी असल्यास उत्तरातच तसे लिहा. तुमच्याविरुद्ध निर्णय द्यायचा असेल तर सुनावणीची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे.

आणि नोंदणीत ईमेल, मोबाइल जुन्या अकाउंटंटचा असेल, तर तो उद्याच बदलून घ्या.