नवागतांचे वाटाडे

भिवंडीजवळच्या शेलारसारख्या, यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस उगवणाऱ्या गावातून एखादी मुलगी विज्ञानाच्या पदवीवर्गात दाखल होते, तेव्हा प्रयोगांचे जर्नल कोणत्या मुदतीत तपासून घ्यावे, किंवा विषय राहिल्यास ‘एटीकेटी’च्या तरतुदीने पुढील वर्गात कसे जाता येते, हे सांगणारे घरी बहुधा कोणी नसते. ही उणीव, तीच वाट नुकतीच तुडविलेल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी भरून काढावी, हे ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून नवागतांना मिळणाऱ्या मार्गदर्शनाचे तत्त्व होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठी जी तजवीज सुचविली, तीत ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या साहाय्यालाही स्थान आहे. पवईच्या आयआयटीत तर नवागतांचे छोटे गट निवडक ज्येष्ठांच्या हवाली करण्याचा प्रघातच आहे.

अशा मार्गदर्शनाचे खरे मोल प्रयोगशाळेत कळते. ब्यूरेटच्या तोटीतील हवेचा बुडबुडा आधी काढावा, रंगहीन द्रावाच्या वक्र पृष्ठाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणूनच वाचन घ्यावे, हे पुस्तकात असते खरे, परंतु “ताई, माझे वाचन दर वेळी निराळे का येते?” हा प्रश्न प्राध्यापकांपुढे ओठांवर येत नाही, तो शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला सहज विचारता येतो.

ज्येष्ठ-कनिष्ठांच्या ज्या नात्यातील छळ १९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगविरोधी कायद्याने दंडनीय ठरविला, त्याच नात्यात हा विश्वास रुजावयाचा असल्याने मार्गदर्शकांची निवड केवळ गुणपत्रिका पाहून करणे मला गैर वाटते. त्यांनी जर्नल लिहून देऊ नये. आणि कोणी मनाने खचलेले दिसल्यास स्वतःच उपचारक न होता शिक्षकांना वेळीच कळवावे.