पायवाटेवरची सायकल

दोस्तांनो, सायकल कुठं चालवतात असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? रस्त्यावर, गल्लीत, मैदानात, फार तर शेताच्या बांधावर! पण जिथं माणसंसुद्धा एकामागोमाग एक अशी चालतात, त्या डोंगरातल्या पायवाटेवर सायकल घालायची म्हटलं तर? आई म्हणेल, "पडशील!" आणि आजी तर सायकलला कुलूपच लावून टाकेल. तरीही जगभर हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून नेमकं हेच करतात. या खेळाचं नाव माउंटन बाइकिंग. आणि ज्या अरुंद वाटेवरून एका वेळी एकच सायकल जाऊ शकते, तिला म्हणतात सिंगलट्रॅक.

मी अशाच हौशी मंडळींपैकी एक. लहानपणी साताऱ्यात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकलवर शिकले. मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून चालवायची, पैसे संपले की उतरायचं! पुढं नोकरीसाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आले. आणि गंमत पाहा, हा खेळ ज्या डोंगरात जन्माला आला, तो माझ्या घरापासून मोटारीनं जेमतेम दीड-दोन तासांवर आहे.

वंगणाचा धूर

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथं माउंट टॅमलपाइस हा डोंगर उभा आहे. उंची सुमारे ७८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. १९७० च्या सुमारास तिथल्या काही तरुणांना एक खूळ लागलं. १९३०-४० च्या काळातल्या, भंगारात निघालेल्या जाडजूड टायरच्या सायकली गोळा करायच्या, त्यांचे मडगार्ड-बिडगार्ड काढून टाकायचे आणि डोंगरावरून सुसाट खाली यायचं!

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स या गावाजवळ चक्क शर्यत लावली. वाट म्हणजे आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला कच्चा रस्ता. लांबी साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोमीटर आणि तेवढ्यात उतार चारशे मीटरचा! या सायकलींना हँडलवर ब्रेक नसायचे. पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. इतका उतार उतरेपर्यंत तो हब एवढा तापायचा, की आतलं वंगण जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवं वंगण भरावं लागे. असं पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. म्हणून त्या शर्यतीचं आणि रस्त्याचंही नाव पडलं 'रीपॅक'!

चार्ली केली हा तरुण प्रत्येकाची वेळ नोंदवून ठेवी. सर्वांत कमी वेळ नोंदला गेला गॅरी फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. मुलींमध्ये वेंडी क्रॅग पुढं होती. तिनं त्या दिवसांचे फोटो काढून ठेवले, म्हणूनच आज आपल्याला ते दिवस पाहायला मिळतात.

जुन्या सायकली मोडायच्या फार. मग जो ब्रीझ या मित्रानं १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नव्या नळ्यांची फ्रेम जोडून सायकल बनवली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी सायकली विकायला सुरुवात केली. त्यांच्या फ्रेम टॉम रिची बनवत असे. त्या छोट्या धंद्याचं नाव होतं 'माउंटनबाइक्स', आणि तेच नाव सगळ्या जगात रूढ झालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर या खेळाला पदकं मिळू लागली. पहिली सुवर्णपदकं हॉलंडच्या बार्ट ब्रेंटयेन्सनं आणि इटलीच्या पाओला पेत्सोनं जिंकली. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत फक्त वीस वर्षांत!

नजर जिथं, सायकल तिथं

फेअरफॅक्सजवळच बालवीरांच्या शिबिराची एक मोठी जागा आहे, कॅम्प टॅमरँचो. तिथं पास काढून सायकलवाल्यांना सिंगलट्रॅकवर जाता येतं. माझे पहिले धडे मी तिथं घेतले. वाट फूट-दीड फूट रुंद. एका बाजूला डोंगराची कड, दुसऱ्या बाजूला उतार. मध्येच झाडांची मुळं, मध्येच दगड. माझ्याबरोबर एक अनुभवी बाई होत्या, वय साठीच्या पुढचं. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली, "दगडाकडे बघू नकोस. दगडाच्या बाजूला जी जागा आहे, तिच्याकडे बघ."

हे ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा! आपली नजर जिकडे जाते तिकडे डोकं वळतं, डोक्यापाठोपाठ खांदे आणि खांद्यांपाठोपाठ हँडल. दगडाकडे टक लावली की सायकल बरोब्बर दगडावरच जाते. म्हणून नजर नेहमी तीन-चार सायकली पुढं ठेवायची.

दुसरा धडा शरीराचा. उतारावर सीटवर बसायचं नाही. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यावर उभं राहायचं, कंबर थोडी मागं, गुडघे आणि कोपर सैल. मग खड्डे आले तरी सायकल खाली नाचते आणि आपण वर स्थिर राहतो. चढावर याच्या उलट. हलका गिअर टाकायचा, सीटच्या पुढच्या टोकाशी सरकायचं आणि छाती हँडलकडे झुकवायची. घसाऱ्यावर उभं राहून जोर लावला, तर मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि चाक जागच्या जागी फिरतं.

तिसरा धडा ब्रेकचा. ब्रेक लावला की आपलं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पण तीव्र उतारावर तो एकदम आवळला, तर हँडलवरून कोलांटी ठरलेली! म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे आणि वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

आणि चौथा धडा मला सर्वांत आवडला. एका ठिकाणी वाट दगडाच्या गुडघाभर उंच पायरीवरून खाली उतरत होती. पोटात गोळाच आला. बाई म्हणाल्या, "उतर, चालत जा, नीट बघ. वाटलं तर कर. नाही वाटलं तर सायकल हातात धरून ने. इथं कुणी हसत नाही." त्या दिवशी मी सायकल हातात धरून नेली. पुढच्या खेपेलाही तसंच. चौथ्या खेपेला मात्र त्या पायरीवरून सायकलसकट खाली उतरले आणि एकटीच मोठ्यानं ओरडले!

हँडलवरचा नंबर

शर्यत म्हटलं की आपल्याला फक्त पहिले तिघं आठवतात. इथल्या शर्यती वेगळ्या. मॉन्टरे या समुद्रकाठच्या गावाजवळ १९९१ पासून 'सी ऑटर क्लासिक' नावाची सायकलची मोठी जत्राच भरते. तिथं जगातले नामवंत खेळाडू येतात आणि माझ्यासारखे हौशीही. हौशींचे वय आणि तयारीप्रमाणे गट केलेले असतात. पाठीवर नाही, हँडलवर नंबर बांधायचा.

शर्यत सुरू होते मोटारींच्या शर्यतीच्या रुंद डांबरी ट्रॅकवर. शिट्टी वाजली की सगळे जिवाच्या आकांतानं पेडल मारतात, कारण थोड्याच वेळात सिंगलट्रॅक लागतो आणि तिथं पुढं जायला जागा मिळत नाही. एक मोठं मैदान आणि एकच दार अशी अवस्था! मागच्याला पुढं जायचं असेल तर तो ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे 'तुमच्या डावीकडून येतोय.' मग पुढच्यानं जागा मिळताच बाजूला व्हायचं आणि मागच्यानं जाता जाता आभार मानायचे. या वाटा पूर्वी लष्कराच्या छावणीत होत्या. १९९४ मध्ये छावणी बंद झाली आणि २०१२ मध्ये त्यातला मोठा भाग राष्ट्रीय ठेवा म्हणून राखला गेला. पायाखाली वाळू, दोन्हीकडे ओकची झाडं आणि वसंतातली रानफुलं. पण फुलांकडं हात न्यायचा नाही. 'पॉयझन ओक' नावाचं तीन-तीन पानांचं झुडूप तिथं माजलेलं असतं. आपल्या खाजकुइलीची बहीणच!

शेवटचा चढ लांबलचक आणि उन्हातला. माझे पाय बोलायचे थांबले होते. शेजारी एक आजोबा शांतपणे हलक्या गिअरमध्ये चढत होते. ते म्हणाले, "वर बघू नकोस. पुढच्या झाडापर्यंत चल, मग त्याच्या पुढच्या झाडापर्यंत." असं झाडं मोजत मोजत मी वर पोचले. नंबर कितवा? शेवटून मोजायला सोपा! आजोबा माझ्या पुढं होते, हे वेगळं सांगायला नको.

शाळेचा संघ

बर्कली गावातल्या हायस्कूलमध्ये मॅट फ्रित्झिंगर नावाचे गणिताचे शिक्षक होते. १९९८ मध्ये त्यांनी शाळेत सायकलचा संघ सुरू केला. मुलं थोडी आणि सगळी नवखी. पण शेजारच्या शाळांनाही गोडी लागली. २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची लीग उभी राहिली आणि २००९ मध्ये सगळ्या देशासाठी संस्था झाली. या शर्यतींत राखीव खेळाडू नसतात. संघात जो आहे तो शर्यतीत उतरतोच, मुलगा असो की मुलगी. शाळेच्या क्रिकेट संघात कायम पाणी नेण्याचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना यातली मजा लगेच कळेल!

वाट कुणाची?

आता एक कडू गोष्ट. ज्या टॅमलपाइसवर हा खेळ जन्मला, तिथल्याच बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या! असं का झालं? सायकलचा आवाज होत नाही. वळणावरून ती अचानक अंगावर आली की चालणारा दचकतो, घोडा बुजतो. १९८० नंतर सायकली वाढल्या तशा तक्रारी वाढल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर वेगाची मर्यादा आली, तासाला १५ मैल आणि माणसांजवळून किंवा वळणावर ५ मैल. ती पाळली जाते का हे बघायला वनरक्षक रडार घेऊन उभे राहू लागले. सायकलवाले म्हणाले, काही थोड्यांच्या बेफिकिरीची शिक्षा सगळ्यांना का? चालणारे म्हणाले, आम्ही शांततेसाठी डोंगरात येतो, जीव मुठीत धरून चालायला नाही. दोघांचंही म्हणणं खरं होतं. तो वाद चाळीस वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही.

पण त्यातून चांगलंही काही निघालं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन 'इम्बा' ही संघटना काढली आणि वाटेवरचे नियम ठरवले. बंद वाटेवर जायचं नाही. खुणा मागं ठेवायच्या नाहीत. सायकल कायम ताब्यात ठेवायची. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. प्राण्यांना घाबरवायचं नाही. तयारीनिशी निघायचं. सायकलवाले फावडी-कुदळी घेऊन वाटा दुरुस्त करायलाही जाऊ लागले. मीही जाते. वाटेला दरीच्या बाजूनं किंचित उतार द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता आडवं निघून जातं. ओल्या मातीत सायकल घातली की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणून पावसानंतर वाट सुकेपर्यंत सायकल घरी!

तुम्हाला करून बघायचंय?

महागडी सायकल लागत नाही. आहे तीच आधी मैदानात न्या. दोन विटांच्या मधून चालवा, उभं राहून चालवा, अगदी सावकाश चालवायची शर्यत लावा. तोल त्यातूनच येतो. हेल्मेट मात्र हवंच, त्यात तडजोड नाही. दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा आणि चेन निघण्याआधी तपासा. पंक्चर काढायला शिका, कारण डोंगरात दुकान नसतं. एकट्यानं कधी जाऊ नका. टेकडीवर सायकलला परवानगी आहे का, हे आधी विचारा. आणि आईबाबांनो, "पडशील" म्हणण्याऐवजी एका रविवारी त्यांच्याबरोबर निघा. हँडलला घंटी तेवढी लावा. वाटेत फिरायला आलेले आजोबा भेटले तर लांबूनच ती वाजवा, वेग कमी करा, गरज पडली तर उतरा आणि त्यांना आधी जाऊ द्या.